अकारा चपटा होतोय, तेल पितोय? आधी पिठातलं पाणी बघा

चवळी भिजवली, सालं काढली, मिक्सरमधून वाटली, कांदा-मिरची घातली, चमच्याने तेलात सोडली आणि वर काय आलं तर चपट्या, कडेने करपलेल्या, मधे गिच्च राहिलेल्या चकत्या, कागदावर काढल्या की कागद तेलाने ओलाचिंब. मग पुढच्या शनिवारी तेल जास्त तापवून बघायचं, त्याच्या पुढच्या वेळी अंडं घालून बघायचं, कोणीतरी सांगितलं म्हणून चिमूटभर सोडा घालायचा, आणि तरी अकारा आपला तसाच. इथे नायजेरियातल्या लागोसमध्ये नव्याने आलेल्या मराठी घरांमधून आणि इथली नोकरी संपवून पुण्याला-ठाण्याला परत गेलेल्यांकडूनही हाच प्रश्न मला सारखा येतो, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय. घाईत असाल तर एवढंच घ्या की पीठ पातळ झालंय आणि फेटलेलं नाहीये. बहुतेक घरांत ह्याच दोन गोष्टी असतात आणि त्यातही पहिली सुधारल्याशिवाय दुसरी जमतच नाही, पातळ पीठ तासभर फेटलं तरी फुगत नाही.

ज्यांनी अजून खाल्लाच नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अकारा म्हणजे सोललेल्या चवळीचं कच्चं वाटण फेटून तळलेले गोळे. नायजेरियाच्या नैऋत्येकडचे योरुबा लोक अकारा म्हणतात, उत्तरेकडे हौसा लोक कोसाई म्हणतात, घानात कोसे म्हणतात, आणि गुलाम म्हणून जहाजांत कोंबून नेलेल्या लोकांबरोबर हाच पदार्थ ब्राझीलच्या बाहिया प्रांतात गेला, तिथे तो पामतेलात तळून अकाराजे नावाने आजही रस्त्यावर विकला जातो. लागोसमध्ये शनिवार सकाळ म्हणजे अकारा आणि सोबत ओगी, म्हणजे मका आंबवून केलेली गरम पेज, नाहीतर अगेगे ब्रेडच्या जाड तुकड्यात चार अकारे दाबून. योरुबा घरांत सत्तरी ओलांडलेलं माणूस गेलं तर अकारे तळून आजूबाजूच्या घरोघरी वाटायची जुनी पद्धत होती. तेव्हा हा पदार्थ ह्या लोकांच्या किती जवळचा आहे ते लक्षात घ्या आणि चवळीची भजी समजून उरकू नका, तो नीट यावा असं मला मनापासून वाटतं.

आता मूळ मुद्दा. अकाऱ्यात बेसन नाही, तांदळाचं पीठ नाही, यीस्ट नाही, सोडा नाही. त्याला फुगवणारी गोष्ट एकच, आपण फेटून आत कोंडलेली हवा. चवळीत साधारण पाव भाग प्रोटीन असतं आणि कच्चं वाटण जोरात फेटलं की ते प्रोटीन हवेच्या बुडबुड्यांभोवती पापुद्र्यासारखं बसतं आणि बुडबुडे टिकतात, मग गरम तेलात पडल्यावर ते पसरतात, स्टार्च शिजून घट्ट होतं आणि जाळी पक्की होते. एवढंच आहे सगळं. पीठ पातळ असेल तर बुडबुडे वर येऊन फुटून जातात, तेलात पडलेला गोळा सेट व्हायच्या आत पसरतो आणि चकती होते. आणि तेल का पितो तर पिठात जेवढं पाणी जास्त तेवढी वाफ जास्त, ती बाहेर पडताना जेवढ्या वाटा करते त्याच वाटांनी नंतर तेल आत शिरतं. म्हणजे चपटेपणा आणि तेलकटपणा ही दोन दुखणी नाहीत, एकच आहे.

आपल्याकडे दहीवड्याचं उडदाचं वाटण फेटून झालं का ते बघायला पाण्याच्या वाटीत थेंब टाकतात आणि तो तरंगला की झालं म्हणतात, अगदी तीच परीक्षा इथेही चालते. थेंब बुडला तर तेल तापवायलाही घेऊ नका. दुसरी खूण, पळी उचलून तिरकी केली की वाटण एकदम ढपकन गोळ्याने पडायला पाहिजे, धार लागली की समजायचं पाणी जास्त झालंय. ह्या दोन परीक्षा केल्याशिवाय पहिला घाणा सोडायचा नाही.

आता हे पाणी येतं कुठून? कारण जिला विचारावं ती म्हणते मी पाणी घातलंच नाही. खरंच घातलेलं नसतं पुष्कळदा, ते आपोआप शिरलेलं असतं.

पहिली जागा म्हणजे भिजवलेली चवळी निथळलेली नसते. सोलून झाल्यावर ती फुगलेली डाळ आपण मुठीने उचलून सरळ मिक्सरच्या भांड्यात टाकतो, त्या प्रत्येक मुठीबरोबर पाणी जातं आणि शेवटी ते बऱ्यापैकी होतं. चाळणीत घालून दहा-पंधरा मिनिटं निथळत ठेवा, मधे एकदा चाळणी आपटा, तळाशी किती पाणी साचतं ते बघितलंत की पटेल.

दुसरी आणि सगळ्यात मोठी जागा म्हणजे मिक्सर. इथे मिळणारे उंच ब्लेंडर पातळ गोष्टींसाठी असतात, घट्ट डाळ घातली की पातं खाली रिकामं फिरत बसतं आणि डाळ वर जशीच्या तशी, मग माणूस वैतागून अर्धा कप पाणी ओततो आणि तिथेच खेळ संपतो. भारतातून आणलेला मिक्सर असेल तर त्याचं चटणीचं किंवा मधलं भांडं घ्या, ब्लेंडरपेक्षा कितीतरी बरं काम होतं, आणि ज्यांच्याकडे इडलीचा वेट ग्राइंडर आहे त्यांना तर काही सांगायलाच नको. ब्लेंडरच असेल तर एका वेळी अगदी थोडी डाळ घाला, थांबून थांबून फिरवा, झाकण काढून चमच्याने कडेचं खाली ढकला, परत फिरवा, आणि पाणी घालायचंच झालं तर गार पाणी एकेक चमचा. हिशोब द्यायचा तर 250 ग्रॅम कोरड्या चवळीला सगळं मिळून 100 मिलीच्या आसपास पाणी, त्याहून कमीत भागलं तर उत्तमच. वेळ लागतो, हात दुखतो, पण ह्याला दुसरा इलाज नाही.

तिसरी जागा लागोसवाल्यांनाच लागू आहे. लाइट नसते म्हणून किंवा चवळी जास्त असते म्हणून आपण ती बाजारातल्या इंजिनवाल्या चक्कीवर देतो, जिथे दिवसभर जेवणाच्या सॉससाठी मिरची-टोमॅटो वाटून मिळतात. तो माणूस सवयीने डब्यातून पाणी ओततो कारण पाणी असलं की वाटण भराभर खाली येतं आणि शेवटी यंत्रात अडकलेलं काढायलाही तो पाणीच ओततो, ते धुतलेलं पाणीही आपल्याच बादलीत येतं. तेव्हा तिथे उभं राहायचं आणि सुरुवातीलाच सांगायचं, "आबेग, नो पुट वॉटर, ना फॉर अकारा." अकारासाठी आहे म्हटलं की त्याला बरोबर समजतं, कारण मोईन मोईनसाठी, म्हणजे ह्याच चवळीच्या वाटणाच्या वाफवलेल्या वड्यांसाठी, वाटताना पाणी चालतं आणि अकाऱ्याला चालत नाही हे तिथल्या प्रत्येकाला माहिती असतं. आणि तुमच्या आधी कोणाची मिरची वाटून झालीय का तेही बघा, नाहीतर मुलांना खाता येणार नाही इतकं तिखट होतं.

चौथी जागा कांदा आणि मीठ. कांदा चिरून मीठ घालून वाटणात मिसळून ठेवला की दहा मिनिटांत कांदा पाणी सोडतो आणि मघाशी मस्त घट्ट असलेलं वाटण सैल होतं. पहिला घाणा छान गोल, तिसरा चपटा, असं ज्यांचं होतं त्यांचं कारण हमखास हेच. लाल ढबू मिरची, इथे तिला तातासे म्हणतात, ती पण बरेच जण चवळीबरोबर वाटतात, रंग सुंदर येतो पण तिच्यात पाणीच पाणी असतं. अकाऱ्यात मिरची बारीक चिरून घालावी असं माझं स्पष्ट मत आहे, इथे 'आता रोदो' म्हणतात ती छोटी, गोल, भयंकर तिखट मिरची एखादी पुरते, वास तिचाच पाहिजे. पुण्यात ती मिळणार नाही, तर आपली लाल ओली मिरची घाला, चव थोडी वेगळी येईल पण चांगली लागेल.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी एक बाई बसतात, त्यांना सगळे ईया अलाकारा म्हणजे अकारेवाली आई असंच म्हणतात, त्यांचं काम नुसतं बघितलं तरी सगळे प्रश्न सुटतात. मोठ्या प्लास्टिकच्या टबात नुसतं वाटलेलं पीठ, त्यात मीठ नाही कांदा नाही काही नाही, वर झाकण. त्यातलं एका घाण्यापुरतं त्या छोट्या पातेल्यात काढून घेतात, लाकडी डावाने एकाच दिशेने सटासट फेटतात, पातेलं मांडीत तिरकं धरलेलं असतं आणि डाव दरवेळी तळातून वर येतो, म्हणजे वाटण नुसतं ढवळलं जात नाही तर उचलून आपटलं जातं. पिवळसर वाटण बघता बघता पांढरं पडतं आणि पातेल्यात वर चढतं. मग कांदा, मिरची, मीठ, दोन हात आणि लगेच तेलात. तो घाणा तळला जात असताना पुढच्याचं फेटणं चालू. कोणीही घरचं वाटण त्यांना दाखवायला नेलं की त्या डाव घालून उचलून बघतात आणि "ओमी ती पोजू" एवढंच म्हणतात, पाणी जास्त झालंय. पूर्वी हे फेटायचं काम लाकडी उखळात मुसळाने करायचे, घरांमधून अजूनही कुठे कुठे करतात.

घरी हँड बीटर असेल तर मध्यम स्पीडवर पाच ते आठ मिनिटं लागतात, हाताने पंधरा मिनिटं तरी धरा. पसरट भांडं घेऊ नका, खोलगट घ्या. वाटण जवळजवळ दीडपट दिसायला लागलं पाहिजे आणि रंग फिका झाला पाहिजे. मिक्सरमध्येच जास्त वेळ फिरवलं की फेटलं जातं असं काहींना वाटतं पण नाही, मिक्सरचं पातं कापतं, हवा कोंडत नाही, शिवाय भांडं तापतं. आणि फेटून झाल्यावर वाटण ठेवून द्यायचं नाही. पाहुणे अकराला येणार म्हणून नऊला फेटून ठेवलं तर अकरापर्यंत त्यातली हवा गेलेली असते, मग परत फेटा. फ्रिजमध्ये ठेवायचं तर न फेटलेलं, बिनमिठाचं ठेवा, सकाळी बाहेर काढून फेटा.

आता काही जणांचं पाणीही बरोबर असतं, फेटणंही होतं, तरी पीठ फुगत नाही. त्यांनी चवळीकडे बघायचं. नायजेरिया जगात सगळ्यात जास्त चवळी पिकवतो, ती बहुतेक उत्तरेतून, कानोच्या आणि बोर्नोच्या बाजूने ट्रक भरून लागोसला येते आणि बाजारात डेरिकाच्या मापाने मिळते, डेरिका म्हणजे टोमॅटो पेस्टच्या मोठ्या डब्याचं माप. माल ताजा आहे की गेल्या वर्षीचा ते मापावरून कळत नाही. गरम दमट हवेत महिनोन् महिने राहिलेली चवळी कडक होते, लवकर भिजत नाही, तिच्यातलं प्रोटीन पाण्यात नीट विरघळत नाही, आणि प्रोटीन विरघळलं नाही तर बुडबुडे धरणार कोण? ओळखायची खूण म्हणजे सोलून दोन तास भिजवल्यावर एक डाळिंबी नखाने तोडून बघा, मधोमध कोरडा पांढरा कडक ठिपका दिसला तर अजून तासभर भिजवा, तरीही तसाच राहिला तर त्या चवळीचा अकारा करू नका, सरळ पामतेल-मिरची घालून शिजवून टाका, इथे त्याला एवा रिरो म्हणतात आणि ते फार चविष्ट लागतं. आणि टोके पडलेली, भोकं असलेली चवळी तर घेऊच नका, पोकळ दाणे वाटणाला पिठूळ करतात.

जात कुठली घ्यायची ह्यावर इथे घरोघरी वाद आहेत. ओलोयिन म्हणजे तपकिरी, गोडसर, मधाच्या नावाची चवळी, ती काहींना फारच आवडते, काही म्हणतात पांढरीच हवी. मला दोन्हीचे चांगले झालेले माहिती आहेत, ताजेपणा जास्त महत्त्वाचा. महाराष्ट्रात करणाऱ्यांनी काळ्या डोळ्याची पांढरी मोठी चवळी घ्यावी, ती बारीक लाल चवळी नको, तिची सालं काढता काढता नाकी नऊ येतात.

सालांचंही सांगते कारण तिथे लोक कंटाळून अर्धवट सोडतात. सोलण्याआधी रात्रभर भिजवायची अजिबात गरज नाही. दहा-पंधरा मिनिटं पाण्यात ठेवा, साल सुरकुतली की मिक्सरमध्ये भरपूर पाण्याबरोबर घालून एकदोनदा फक्त झटका द्या, दाणे दुभंगले पाहिजेत, वाटले जायला नकोत. मग मोठ्या टोपात ओतून तळव्यांमध्ये चोळा, सालं वर तरंगतात, ती पाण्याबरोबर ओतून टाका, परत पाणी, परत चोळणं, असं चार-पाच पाण्यांत स्वच्छ होते. चार दोन काळे ठिपके राहिले तर काही बिघडत नाही पण सालं बरीच राहिली तर वाटण फुगायला जड होतं आणि अकारा करडा दिसतो. सोलल्यावर मग एक ते दोन तास भिजवा, बास. लागोसच्या किंवा मे महिन्यातल्या नागपूरच्या उकाड्यात सोललेली चवळी रात्रभर बाहेर ठेवली तर सकाळी पाण्यावर फेस आणि आंबूस वास येतो, ते वाटण बुळबुळीत होतं आणि अकाऱ्याची चव जाते. रात्रीच करून ठेवायचं असेल तर फ्रिजमध्ये.

वाटण किती बारीक असावं हाही नेहमीचा प्रश्न. बोटांच्या चिमटीत घेतलं तर रव्याचा कण लागता कामा नये, पण अगदी मलमासारखं करण्यात अर्थ नाही. रवाळ राहिलं तर गोळा तेलात कडेने सुटतो, बारीक बारीक कण तेलात पसरून जळतात आणि तेल लवकर काळं होतं. ज्यांचं तेल पहिल्या दोन घाण्यांतच गढूळ होतं त्यांनी वाटण परत फिरवून घ्यावं.

दुकानात चवळीचं तयार पीठ मिळतं, त्याचा अकारा दडदडीत होतो अशी तक्रार असते आणि ती खरी आहे. 1980च्या दशकात अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात ह्यावर बरंच काम झालं, त्यात दिसलं की पीठ फार बारीक दळलेलं असलं की अकारा जड होतो, थोडं जाडसर असलं आणि त्याला पाणी शोषायला नीट वेळ दिला तर बरा होतो. तर पीठच वापरायचं असेल तर पाणी थोडं थोडं घालून घट्टसर भिजवा, अर्धा तास झाकून ठेवा, मग फेटा. तरी भिजवून वाटलेल्या चवळीची सर त्याला येत नाही, हे आधीच मनाशी धरून चाला.

आता आपल्या सवयी. मराठी हात भज्यांच्या पिठात न विचारता तीन गोष्टी घालतो आणि तिन्ही इथे नडतात. एक, गरम तेलाचं मोहन, बेसनाची भजी त्याने कुरकुरीत होतात पण इथे तेल पडलं की फेटलेला फेस बसतो, दहा मिनिटांची मेहनत एका पळीत जाते. भांड्यालासुद्धा तेलाचा ओशटपणा नको, आधी साबणाने धुऊन पुसून घ्या. दोन, सोडा, त्याने गोळा फुगलेला दिसतो खरा पण आतून भसाभसा भोकं पडतात आणि तेल आणखी पितो, शिवाय सोड्याची चव चवळीच्या गोडसर चवीवर लगेच कळते. तीन, पातळ झालं म्हणून बेसन किंवा तांदळाचं पीठ ढकलणं, तेव्हा ते सावरल्यासारखं वाटतं पण मग अकारा राहत नाही, भजी होतात. हळद, जिरं, कोथिंबीरही घालू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे, चवळी, कांदा, मिरची, मीठ आणि तेल एवढ्यातच त्याची चव आहे, एकदा तरी तसाच करून खा. अंडं काही नायजेरियन घरांतही घालतात, घालायचं तर घाला, पण ते पातळ वाटण सावरत नाही, उलट आणखी सैल करतं.

पीठ जमलं की तेलाचं बघायचं, आणि इथे थोडक्यात संपतं. कढई खोल पाहिजे आणि तेल निदान पाच-सहा सेंटीमीटर, कारण उथळ तेलात गोळा तळाला टेकतो आणि चांगल्या पिठाचाही चपटा होतो. फ्राय पॅनमध्ये दोन बोटं तेलात करणाऱ्यांनी आधी भांडं बदलावं. थर्मामीटर असेल तर 180 अंशांच्या आसपास, नसेल तर कांद्याची चकती सोडा, लगेच बाजूने बुडबुडे येऊन ती फिरायला लागली आणि काळी पडली नाही की तेल बरोबर आहे. तेल थंड असलं की गोळा आधी तेल पितो मग तळला जातो, धूर येईपर्यंत तापलं की वरून काळा आणि आत कच्चं वाटण. चमचा तेलाच्या अगदी जवळ नेऊन वाटण सरकवायचं, वरून टाकलं की आपटून पसरतं. एका वेळी कढईत गर्दी करू नका, तेलाचं तापमान खाली येतं, मग मंद आचेवर तळल्यासारखं होऊन सगळे तेलकट. नीट फेटलेला अकारा पाण्यात बदक तरंगावं तसा वर तरंगतो आणि झाऱ्याचा जरासा धक्का लागला की स्वतःच उलटतो, उलटायला त्रास द्यायला लागला तर समजा वाटणातली हवा गेलीय, उरलेलं परत फेटा.

बाहेर काढल्यावरही एक चूक होते. तळलेली गोष्ट गार होताना आतली वाफ आकसते आणि बाहेर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं, म्हणून काढल्याबरोबर झारा कढईच्या कडेला आपटून तेल झटकायचं आणि चाळणीत उभं ठेवायचं, ताटात कागदावर एकावर एक रचायचं नाही, आणि डब्यात गरम गरम भरून झाकण तर अजिबात लावायचं नाही. ऑफिसला डब्यात न्यायचे असतील तर पूर्ण गार होऊ द्या, खाताना तव्यावर बिनतेलाचे कोरडे गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये ते रबरासारखे होतात.

राहिला शेवटचा प्रश्न, वाटण पातळ झालंच आहे, घरात अजून चवळी भिजलेली नाहीये आणि सगळे टेबलावर येऊन बसलेत, तर काय. फेकू नका आणि पीठ ढकलू नका, त्याचं मोईन मोईन करा, ते पातळ वाटणाचंच होतं. मीठ-कांदा अजून घातलेला नसेल तर फारच सोपं. तातासे, कांदा आणि थोडी 'आता रोदो' वाटून त्यात घाला, तीन-चार टेबलस्पून तेल, सुक्या कोळंबीची पूड म्हणजे इथली क्रेफिश, मीठ, आवडत असेल तर स्टॉक क्यूब, आणि सगळं सरसरीत, पळीवरून धार पडेल इतपत करा. इथे ते एवे एरान नावाच्या रुंद पानांच्या द्रोणात ओततात, पान दुमडून कोन करायचा आणि टोक मागे वळवायचं. आपल्याकडे केळीचं पान विस्तवावरून फिरवून मऊ करून घेता येतं, पण पहिल्यांदा करताना ते गळतं, त्यापेक्षा स्टीलच्या छोट्या वाट्या तेल लावून घ्या, पाऊण भरा, झाकून वाफवा. आत उकडलेल्या अंड्याचा तुकडा, शिजवलेला बांगडा, काय असेल ते घाला. सात जिवांचं मोईन मोईन म्हणजे आत सात गोष्टी घातलेलं, ते इथे खास पाहुण्यांसाठी करतात, पण घाईत दोन गोष्टी पुरे. इडलीपात्र किंवा कुकर शिटी काढून, पाणी उकळतं असू द्या, वाट्यांच्या आकाराप्रमाणे 45 मिनिटं ते एक तास. मधे पाणी संपत आलं तर उकळतंच पाणी घाला, गार नको. सुरी खुपसून स्वच्छ बाहेर आली की गॅस बंद. गरम असताना हलवून बघितलं तर ते सैल वाटतं आणि लोक घाबरून परत वाफवत बसतात, तसं करू नका, पंधरा मिनिटं तसंच राहू द्या, निवताना ते घट्ट होतं आणि वाटी उपडी केली की अख्खं सुटतं.